बाजारातली स्वस्त शेळी आणि माझा पीपीआरचा महिना

आमचं गाव साक्री तालुक्यात. कपाशी निघाली की पऱ्हाट्यांत शेळ्या सोडायच्या, ही आमची वर्षानुवर्षांची रीत. माझ्याकडे लहान-मोठ्या २३ होत्या. दिवाळीनंतर आठवडे बाजारात एक गाभण सुरती शेळी भावापेक्षा दीड हजाराने कमी मिळाली. नाक थोडं ओलं होतं. विकणारा म्हणाला, गाडीत वारं लागलं. मीही मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी तिला कळपात सोडलं. पीपीआरचं, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांना होणाऱ्या एका साथीच्या रोगाचं, सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

पाचव्या-सहाव्या दिवशी दोन पाठी, म्हणजे तरण्या माद्या, चरेनात. नाकातून पाण्यासारखं वाहायचं, मग ते घट्ट होऊन नाकपुड्याच बुजल्या. मी थंडी समजून ओव्याची धुरी दिली. मग हगवण लागली, तर मेडिकलमधून हगवणीच्या गोळ्या आणल्या. असे चार दिवस घालवले आणि दोन शेळ्या गेल्या. त्या चार दिवसांचा राग अजून स्वतःवरच आहे.

डॉक्टर आले तेव्हा ताप १०६ होता. त्यांनी एकीचा ओठ उलटा करून दाखवला. हिरड्यांवर कोंडा भुरभुरल्यासारखे पांढरट चट्टे होते. तिसरी मेली ती त्यांनी माझ्यासमोर फाडली: फुप्फुस काळपट लाल आणि काळजासारखं घट्ट, मोठ्या आतड्यात लाल पट्टे. "पीपीआर वाटतोय," म्हणाले. बाकीच्यांच्या नाकातला स्राव आणि रक्त बर्फात घालून तपासणीला पाठवलं.

दादा, माझे वडील, शेजारी उभे होते. त्यांनी लहानपणी बैलांची बुळकांडी पाहिलेली. डॉक्टर म्हणाले, त्याच कुळातला हा विषाणू. मोठ्या जनावरांचा तो रोग २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, शेळ्या-मेंढ्यांचा मात्र अजून आहे.

विषाणूवर औषध नाही, हे ऐकून पायच गळाले. पण फुप्फुसात मागून जंतू शिरतात, त्यासाठी प्रतिजैविकाचं इंजेक्शन, तापाचं वेगळं. खरं काम घरचंच होतं. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट पाण्याने तोंड धुवायचं, बोरोग्लिसरीन लावायचं, नाकाची खपली ओल्या फडक्याने काढायची, नाहीतर श्वासच कोंडतो. बायको गूळ-मिठाचं पाणी आणि ज्वारीची पातळ पेज बाटलीने पाजायची. बाटली घाईत उंच धरली की पेज श्वासनलिकेत जाते. एक करडू आम्ही असंच गमावलं, रोगाने नव्हे. धड शेळ्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवल्या, मेलेल्या चुना टाकून खोल पुरल्या.

सहा गेल्या, दोन गाभडल्या, म्हणजे त्यांचा गर्भ पडला. अहवाल आला तोवर गोठा शांत झाला होता. पीपीआरच होता. तोवर गावातल्या निरोगी शेळ्यांना लस देऊन झाली होती, कातडीखाली एक मिली. एकदा टोचली की निदान तीन वर्षं बघायला नको. ती मी आधी का टोचून घेतली नाही? कारण लसीकरणाच्या दिवशी मी कपाशी घेऊन जिनिंगला गेलो होतो.

बाजारातली ती शेळी मात्र वाचली. आता नवा बोकड आणलाय, तो लांब चिंचेखाली एकटा बांधलाय, तीन आठवड्यांसाठी. आज तेरावा दिवस. रात्रभर ओरडतो. शेजारचे आप्पा रोज विचारतात, "याले एकटाले काबर बांधेल शे रे भाऊ?"