टिंबापुढच्या शून्यासाठी मिरजेला चार खेपा

दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरायची असते, हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या पंपात स्टेरॉइड असतं, ते तोंडात राहिलं की बुरशीला आवतणच. जिभेवर दह्याच्या कवड्यांसारखा थर, पाणीसुद्धा गिळवेना. मिरजेला तीन दिवस ॲडमिट होती. औषधपाण्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची. महिन्याने विमा कंपनीची क्वेरी आली : पेशंटला तंबाखूचं व्यसन किती वर्षांपासून? आई जी भडकली! सगळी गल्ली मिश्री लावायची तेव्हा हिने बोटाला लावली नाही.

डिस्चार्ज समरी काढून बघितली. निदान नुसतं 'व्हाइट पॅचेस' आणि पुढे आजाराचा कोड के १३.२. म्हणजे ल्युकोप्लाकिया, तंबाखूवाल्यांच्या तोंडात येतो तो चट्टा. तो पुसून जात नाही. आईचा थर डॉक्टरांनी माझ्यासमोर गॉजने पुसला होता, खाली लालभडक. केओएच तपासणीत बुरशी दिसल्याचा रिपोर्ट त्याच फाइलला टाचलेला!

सांगलीहून बस धरून गेले. काउंटरवर उत्तर : "समरी लॉक झालीया मॅडम, आता काय हुत नाय." डॉक्टर फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. अर्ज ठेवून आले, तो गहाळ. (पोच घ्या. मी घेतली नव्हती.) दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी दोन मिनिटांत 'ओरल कँडिडिआसिस', म्हणजे तोंडातला कँडिडा बुरशीचा संसर्ग, असं लिहून दिलं. नवा कागद घेऊन खुशीत बसमध्ये बसले आणि वाचला, तर बी ३७.९. नऊ म्हणजे कँडिडाचाच संसर्ग, पण कुठे झाला ते नमूद नाही. अख्ख्या वॉर्डाला ठाऊक होतं कुठे झाला ते! तोंडातल्याला बी ३७.० लागतो.

तिसऱ्या खेपेला, "नवानं पन चालतंय की."

"मला नाही चालत," म्हटलं. आवाज चढलाच होता, खोटं कशाला बोलू. चौथ्या खेपेला शून्य मिळालं, सही-शिक्क्यासकट. तेव्हा कोड काउंटरवरच वाचा, बसमध्ये नको. आणि रिपोर्टची झेरॉक्स अर्जाला जोडाच. दमा पॉलिसीत आधीच लिहिलेला होता, म्हणून तिथे काही फाटा फुटला नाही.

क्लेम पास झाला. आई आता पंप ओढला की बेसिनपाशी खळखळून चुळा भरते आणि तोंड पुसत विचारते, "तंबाखू नाही म्हणून लिहिलंस ना त्यांना?"