खडकाच्या आड, धारेच्या कडेला

शेनान्डोआ नदीची दक्षिण शाखा उत्तरेकडे वाहते. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात लुरेहून फ्रंट रॉयलकडे जाताना डाव्या हाताला मॅसानटन डोंगर, उजवीकडे ब्लू रिज, आणि मधे ही नदी इतकी वळणं घेते की ऊन कधी तोंडावर, कधी पाठीवर. कॅनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, भाड्याने देणाऱ्याने आम्हाला फॉस्टर्स लँडिंगला उतरवलं, संध्याकाळी बेन्टनव्हिलच्या बुटक्या पुलावर भेटायचं ठरवलं आणि तो निघून गेला.

आम्ही आलो होतो स्मॉलमाउथ बास या माशासाठी. तपकिरी-पितळी अंग, त्यावर उभे गडद पट्टे आणि लालसर डोळे. लार्जमाउथ हा त्याचा भाऊबंद साचलेल्या, गवताळ पाण्यात सुखाने राहतो. याला मात्र दगडगोटे आणि वाहतं पाणी लागतं.

इथे नदीच्या तळातून खडकाच्या आडव्या पट्ट्या काठापासून काठापर्यंत गेल्या आहेत. पाणी त्यांवरून घसरतं आणि पुढे लगेच खोल होतं. नवखा माणूस त्या खोल, शांत डोहात गळ टाकतो. माझा मित्र तिथे ढुंकूनही बघत नाही. तो शोधतो ती वेगवान आणि संथ पाण्याच्या मधली रेघ. फेस, पानं, बुडबुडे तिच्यावरून ओळीने सरकत असतात. मासा खडकाच्या आड संथ पाण्यात थांबतो, म्हणजे पोहण्यात दम जात नाही. खाणं हातभर अंतरावरून वाहत येतं. दिसलं की बाहेर यायचं, गिळायचं, परत आडोशाला. हे एकदा डोळ्यात बसलं की नदीचा बराचसा भाग रिकामा दिसू लागतो आणि मोजक्याच जागा उरतात.

त्याचं आवडतं खाणं म्हणजे क्रेफिश, दगडांखाली दडणारा, नांग्या असलेला गोड्या पाण्यातला जीव. म्हणून आमच्या गळाला शेवाळी रंगाची मऊ रबरी नळी होती, पोटात शिशाचं छोटं वजन. धारेच्या वरच्या अंगाला फेकायची आणि तळाला टक-टक लागत खाली येऊ द्यायची. दोरा ताणला तर ती उचलली जाते, फार ढिला सोडला तर चावा कळत नाही. तळाला लागली नाही तर मासा नाही, लागली तर दगडात अडकणार. चार-दोन नळ्या नदीला वाहायची तयारी हवी.

चावा म्हणजे हिसका असेल असं वाटतं. बहुतेकदा दोरा नुसता बाजूला सरकतो. खरा धिंगाणा नंतर. मासा आधी धारेत शिरतो, म्हणजे त्याच्या जोरात नदीचा जोर मिळतो, मग अख्खा पाण्याबाहेर येऊन डोकं झाडतो. गळाची काठी खाली, पाण्यालगत धरली तर उड्या कमी होतात आणि गळ सुटत नाही. पण ती उडी बघायलाच तर आलो होतो, त्यामुळे हा सल्ला मी फारसा पाळला नाही.

गंमत म्हणजे हा मासा इथला नाहीच. त्याचं मूळ पाणी ओहायो नदी, मिसिसिपीचा वरचा भाग, ग्रेट लेक्स. 1854 मध्ये रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून ओहायोकाठच्या व्हीलिंगकडचे तीसेक मासे डोंगर ओलांडून कंबरलँडला आणले आणि पोटोमॅक नदीच्या खोऱ्यात सोडले. शेनान्डोआ त्याच पोटोमॅकला मिळते.

आम्ही सगळे मासे सोडून दिले, आणि त्यात सगळाच उदारपणा नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला वेन्सबरोच्या एका कारखान्यातून 1929 ते 1950 या काळात पारा नदीत उतरला. तो अजून गाळात आहे आणि माशांतही, म्हणून इथला मासा किती खावा यावर सरकारी सूचना आहे. इतक्या निवळशंख पाण्याकडे बघून हे खरं वाटत नाही.

कॉम्प्टन रॅपिडला, म्हणजे खडकांमधून खळाळत जाणाऱ्या वेगवान पाण्यात, काठ्या कॅनूच्या तळाशी आडव्या ठेवा आणि दोन्ही हात वल्ह्यावर. लाइफ जॅकेट आधीपासून अंगावर असू द्या. रॅपिड संपला की पुन्हा मासेमारी. पहाटेच मासा लागतो असं सगळे सांगतात. भर दुपारी सिकमोर झाडांच्या सावलीतल्या धारेतही तो लागतो.

जायचं तर जून सरल्यावर जा. वसंतात नर खड्यांत घरटं करून अंडी राखत असतो. त्याला तिथून ओढून काढलं की इतर मासे अंड्यांवर तुटून पडतात. सोळा वर्षं आणि त्यापुढच्यांना व्हर्जिनियाचा परवाना लागतो, तो आधीच काढून ठेवा.