मामांना घेऊन भायखळ्याला

महालक्ष्मी एक्सप्रेस कराडला आली तसा मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फलाटावर दिवे होते, गर्दीही होती, पण रात्री त्यातलं काहीच मामांना धड दिसत नाही. पायरी किती उंच, फट केवढी, हे मी सांगायचं आणि त्यांनी पाय टाकायचा.

मामांना रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. गावात रातांधळेपण म्हणतात आणि विषय तिथेच सोडतात. पण हा आजार रात्रीपुरता राहत नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सुमारे बारा कोटी दंडपेशी असतात, त्या कमी उजेडातलं बघतात. दिवसा रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी साठ लाखांच्या आसपास. आधी दंडपेशी मरतात, मग कडेचं दिसणं आत आत सरकत जातं, आणि पुढे मधल्या शंकुपेशींनाही झळ बसते. मामा म्हणतात, "पाइपातनं बघितल्यागत दिसतंय."

अकरा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी "यावर औषध नाही, उगाच हेलपाटे घालू नका" असं दोन मिनिटांत सांगितलं होतं. मामांनी ते मनावर घेतलं आणि नंतर डोळे कुणाला दाखवलेच नाहीत. त्या अकरा वर्षांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. या रुग्णांना मोतीबिंदू लवकर होतो, पडद्याच्या मध्यभागी सूज येते, आणि या दोन्हींवर इलाज आहे. हेलपाटे त्यासाठी घालायचे असतात.

सीएसएमटीला उतरून काळी-पिवळी केली. मोहम्मद अली रोडवर वर उड्डाणपूल, खाली हातगाड्या, आणि मामा काच खाली करून नुसते आवाज ऐकत बसलेले. जे. जे.च्या आवारातल्या डोळ्यांच्या रुग्णालयात केसपेपर काढला, बाहुली मोठी व्हायचे थेंब घातले आणि बाकावर बसलो. थेंबांचा असर होईपर्यंत करायला काही नसतं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, आणि ज्या माणसाबद्दल मामांना कधीचं सांगायचं होतं, त्याची गोष्ट तिथे निवांत सांगता आली.

मॅथ्यू लव्हेल. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात त्यांनी कित्येक दशकं एका जातीच्या उंदरांच्या डोळ्यांवर काम केलं. आरसीएस नावाचे हे उंदीर जन्मतात तेव्हा डोळे ठीक असतात, पण काही महिन्यांत आंधळे होतात. निरोगी डोळ्यात दंडपेशी आपली जुनी टोकं रोज टाकून देतात आणि पडद्यामागचा रंगद्रव्याचा थर ती गिळून टाकतो. हे टाकणं मुख्यतः सकाळी, उजेड पडल्यावर लगेच होतं, हे लव्हेल यांनी १९७६ साली उंदरांमध्ये दाखवलं.

"म्हंजे सकाळी गोठा झाडतो तसं," मामा म्हणाले. त्यांची चार म्हशी सांभाळण्यात हयात गेली.

अगदी तसंच. आरसीएस उंदरात शेण काढणाराच कामाला येत नाही. कचरा साचतो आणि त्यात दंडपेशी मरतात. दोष दंडपेशीत नसून त्या मागच्या थरात आहे, हे लव्हेल आणि रिचर्ड मलन यांनी त्याच वर्षी सिद्ध केलं. त्यासाठी त्यांनी निरोगी आणि आजारी अशा दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच शरीरात असलेले उंदीर तयार केले होते. मी हे मुलांना शिकवते तेव्हा वर्ग शांत होतो.

मला सगळ्यात भिडतो तो १९९० सालचा प्रयोग. लव्हेल, रॉय स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उंदरांच्या डोळ्यांत पेशींच्या वाढीला मदत करणारं एक प्रथिन सुईने सोडलं. गोठा तसाच घाण राहिला, मूळ दोष जागेवरच होता, तरी दंडपेशी निदान दोन महिने जास्त तगल्या. तुलनेसाठी काही डोळ्यांत नुसतं क्षारयुक्त पाणी सोडलं होतं. तिथेही सुई गेली त्या वाटेच्या आजूबाजूच्या पेशी जगलेल्या दिसल्या. टोचल्यामुळे डोळ्याने स्वतःच काहीतरी राखणदार रसायन सोडलं असणार, असा विचार त्यातून पुढे आला. चेतापेशींना मरणापासून राखायचं या कामाला न्यूरोप्रोटेक्शन म्हणतात. पडदा हा मेंदूचाच भाग, त्यातली गेलेली पेशी माणसात परत उगवत नाही, म्हणून राखण्याला एवढी किंमत.

"मग त्या उंदरांना दिसाय लागलं का?"

"नाही मामा. गेलेलं परत आलं नाही. जे होतं ते उशिरा गेलं."

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उशिरा गेलं तरी लई झालं की."

पुढचं मी जपून सांगितलं, कारण खोटी आशा लावायची नव्हती. १९९२ साली याच गटाने अशी आणखी कितीतरी प्रथिनं तपासली. त्यातलं सीएनटीएफ पुढे माणसापर्यंत आलं. ते तयार करणाऱ्या जिवंत पेशी एका इवल्याशा कुपीत भरून ती डोळ्यात बसवतात. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या संस्थेने तिला मान्यता दिली, पण ती मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया टाइप २ या वेगळ्याच आजारासाठी. मामांच्या आजारात तिच्या चाचण्या झाल्या, दृष्टीला फायदा दिसला नाही. २०१७ मध्ये मान्यता मिळालेला जनुकोपचारही फक्त आरपीई६५ या एका जनुकाच्या दोषावर चालतो. उंदराच्या डोळ्यातल्या सुईपासून माणसाच्या डोळ्यातल्या कुपीपर्यंत पस्तीस वर्षं गेली.

आत डॉक्टरबाईंनी नीट वेळ दिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, मध्यभागी सूज नाही. नजर कडेला कुठवर पोचते ते मोजणाऱ्या पेरिमेट्रीच्या यंत्रात ठिपका दिसला की बटण दाबायचं, मामा हट्टाने दाबत होते. छापून आलेल्या कागदावर काळ्याच्या मधोमध एक लहानसा पांढरा गोल होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली, रक्त जनुकीय तपासणीला द्यायचं ठरलं.

गाडी रात्रीची होती. मोठ्या झालेल्या बाहुल्यांना ऊन सोसेना, म्हणून मामांना माझी छत्री देऊन राणीच्या बागेत नेलं. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय तिथेच आहे. ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारातून आम्ही आलो, त्याच्या पहिल्या तुकडीतले हे भाऊ दाजी. आत फार रेंगाळलो नाही, काचेतल्या लहान वस्तू मामांना त्या दिवशी जवळून दिसत नव्हत्या.

बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तो पडून फुटला, आणि १९१४ मध्ये तुकडे जोडून पुन्हा उभा केला. मी मामांना त्याच्या अगदी पुढ्यात नेऊन उभं केलं. छत्रीखालून मान हलवत ते बघायला लागले. "ही सोंड. हा कान असंल. पाय कुठाय?"

मग माझ्या लक्षात यायच्या आत ते स्वतःच मागे सरकले. एक पाऊल, दोन, चार. मी खांदा पुढे केला तर त्यांनी हात नुसता हलवला. वीसेक पावलं मागे जाऊन चिंचोळ्या नजरेत मावेल एवढं अंतर पडल्यावर ते थांबले.

"आता दिसला," मामा म्हणाले. "अख्खा."