झडपेपाशी फाटणाऱ्या पेशी

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या माझ्या बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट आज आला. हिमोग्लोबिन घसरलंय, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) बरंच वाढलंय, हॅप्टोग्लोबिन (फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन धरून ठेवणारं प्रथिन) जवळजवळ नाहीच. कृत्रिम झडपेच्या कडेला फट राहिली की तिथून रक्त जोरात उलटं उसळतं आणि त्या माऱ्यात तांबड्या पेशी फाटतात, असं डॉक्टरांनी समजावलं. स्लाइडवर त्यांचे तुकडे दिसले, शिरस्त्राणाच्या आकाराचे. एरवी सुमारे 120 दिवस जगणारी पेशी ही! ऐकताना पोटात कालवलं. धाप, थकवा, गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा... झडप बसवलेलं कुणी घरात असेल तर ही लक्षणं वयावर ढकलू नका, प्लीज. आता छातीवरून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, गरज पडल्यास अन्ननलिकेतूनही. फट मोठी निघाली तर कॅथेटरनं (रक्तवाहिनीतून घातलेल्या बारीक नळीनं) बुजवता येते, नाहीतर पुन्हा शस्त्रक्रिया. तोवर फॉलिक ॲसिड आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यात.