फॉरमॅट मारण्याआधी: माझा देखभालीचा पेनड्राइव्ह

संगणक सुरू होईना की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारा आणि नवीन विंडोज टाका.’ कराडला माझ्या मामांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामं चालतात. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईमुळे त्यांना जेवायलाही उसंत नसते. ऐन त्याच दिवसांत त्यांचं मुख्य मशीन कधी निळा पडदा दाखवू लागलं, तर कधी सुरुवातीच्या लोगोवरच अडकून बसू लागलं. दुरुस्तीवाल्यानेही हाच फॉरमॅटचा सल्ला दिला. त्या डिस्कवर कित्येक वर्षांचं काम होतं. मामांचा मला फोन आला, ‘अगं, तू एकदा बघून जा. मग काय मारायचं ते मारू.’

अशा वेळी मशीनच्या स्वतःच्या डिस्कवरून काहीच सुरू करायचं नाही, हा माझा नियम आहे. विंडोज सुरू झालं की ते लॉग लिहितं, अपडेट उतरवतं, स्वतःच डिस्क तपासायला घेतं. डिस्क आधीच आजारी असेल तर यातली प्रत्येक गोष्ट तिला घातक असते. म्हणून सगळी यंत्रणा पेनड्राइव्हवरून रॅममध्ये, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीत, चढवायची, डिस्क जशी आहे तशी राहू द्यायची, आणि नुसतं वाचायचं. त्यासाठी बूट होणारा, म्हणजे ज्याच्यावरून मशीन सुरू करता येतं असा, पेनड्राइव्ह लागतो, आणि तो मशीन धडधाकट असतानाच बनवून ठेवावा लागतो. माझ्याकडे जुना होता, पण त्यात एकच लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत यंत्रणा) होतं. कराडला निघण्याआधी मी तो नव्याने बांधायचं ठरवलं.

पूर्वी मी यासाठी रूफस वापरायचे. छोटं, चोख सॉफ्टवेअर आहे आणि फक्त विंडोजचा एक पेनड्राइव्ह हवा असेल तर आजही मी तेच सुचवेन. पण त्यात एका पेनड्राइव्हवर एकच आयएसओ, म्हणजे अख्खी यंत्रणा असलेली फाइल, बसते. देखभालीला निघताना रॅम तपासायचं एक हत्यार लागतं, डिस्क वाचवायचं दुसरं, विंडोज टाकायचं तिसरं. म्हणून या वेळी व्हेंटॉय घेतलं. हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २०२० साली आलं. ते पेनड्राइव्हचे दोन भाग करतं: एक मोठा, फाइल साठवायच्या एक्सफॅट पद्धतीचा, आणि दुसरा जेमतेम ३२ एमबीचा, ज्यात बूट करणारी यंत्रणा राहते. मोठ्या भागात आयएसओ फाइल नुसत्या कॉपी करायच्या, बस्स. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की त्यांची यादी समोर येते. एक्सफॅट असण्याला महत्त्व आहे. फॅट३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि विंडोज ११ ची आयएसओ त्याहून मोठी असते.

पेनड्राइव्हच्या निवडीत मात्र घाई करू नये. ६४ जीबीचा, यूएसबी ३ चा घेतला. वापरण्याआधी त्याची क्षमता तपासली, कारण बाजारात असे नग असतात ज्यांच्यावर ६४ लिहिलेलं असतं, विंडोजही ६४ दाखवतं, आणि आतली खरी जागा बरीच कमी असते. जागा संपली की पुढचं लिखाण कुठेच जात नाही, आणि कॉपी करताना चूक झाल्याचा संदेशही येत नाही. लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू ही छोटी हत्यारं पेनड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतात. वेळ जातो, पण संकटात हाताशी धरायची वस्तू आधी पारखलेली बरी.

व्हेंटॉय बसवताना त्या पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. म्हणून यादीतून तो निवडताना मी बाकी सगळे पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क काढून ठेवते. नंतर व्हेंटॉयची नवीन आवृत्ती चढवताना मात्र आतल्या फाइलींना धक्का लागत नाही, ही मोठी सोय आहे.

आयएसओ उतरवल्यावर प्रत्येकीचा एसएचए-२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) मूळ संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवला. विंडोजवर त्यासाठी वेगळं काही लागत नाही, सर्टयुटिल ही आज्ञा आतच असते. मोबाइलच्या नेटवर काही जीबी उतरवताना फाइल मध्येच तुटणं नवीन नाही, आणि तुटलेल्या आयएसओवरून सुरू झालेलं मशीन विचित्र वागलं की दोष मशीनचा की पेनड्राइव्हचा हेच कळेनासं होतं. पेनड्राइव्हवर कॉपी झाल्यावर तिथल्या प्रतीचाही आकडा काढला आणि ‘इजेक्ट’ करूनच तो ओढला. पडद्यावर कॉपी पूर्ण दिसली तरी लिखाण मागे चालू असू शकतं.

आत काय ठेवलं? रॅमसाठी मेमटेस्ट८६+, ज्याची २०२२ मध्ये आलेली सहावी आवृत्ती यूईएफआय ही सुरुवातीची नवी यंत्रणा असलेल्या मशीनवरही चालते. डिस्क तपासायला आणि वाचवायला सिस्टिमरेस्क्यू हे लिनक्स. पूर्ण डिस्कची प्रत घ्यायला तैवानमध्ये तयार होणारं क्लोनझिला. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून घेतलेली विंडोजची आयएसओ. शिवाय एक नेहमीचं डेस्कटॉपवालं लिनक्स, कारण मशीनच्या मालकाला आपल्या फाइल डोळ्यांनी दिसल्या की त्याचा जीव भांड्यात पडतो. काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांनी तसं होत नाही.

मामांचं मशीन जुन्या बांधणीचं, त्यामुळे बूट मेनूपर्यंत, म्हणजे कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीपर्यंत, पोचायला त्रास झाला नाही. सुरू करताना एफ१२ दाबलं आणि यादी आली. ही कळ कंपनीगणिक बदलते. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, आसूसच्या मदरबोर्डला एफ८. एसरच्या अनेक लॅपटॉपवर तर एफ१२ चा मेनू आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावा लागतो.

सर्वात आधी रॅम. दुरुस्तीच्या दुकानात रॅम काढून खोडरबराने घासतात आणि परत बसवतात. तेही केलं, कारण संपर्काच्या पट्ट्यांवरचा थर खरोखर त्रास देतो. पण घासणं म्हणजे तपासणी नव्हे. बिघडलेल्या रॅममधून डिस्कची प्रत घेतली तर ती प्रतच चुकीची उतरते, आणि ते महिन्यांनी कळतं. म्हणून मेमटेस्ट आधी. ती चालू असताना डिस्कची केबल काढून ठेवली, उगाच तिला फिरत कशाला ठेवायची? रात्रभर चाललं. सकाळी एकही लाल ओळ नव्हती. रॅम निर्दोष निघाली.

मग डिस्क जोडून सिस्टिमरेस्क्यू सुरू केलं. ही यंत्रणा आतली डिस्क स्वतःहून उघडत नाही, म्हणूनच मला ती आवडते. स्मार्टसीटीएल या आज्ञेने डिस्कची स्वतःची नोंदवही वाचता येते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. सगळ्यात वर लिहिलं होतं, तब्येत ‘पास्ड’. या एका शब्दावर अनेकजण थांबतात. खरी गोष्ट खालच्या तक्त्यात असते. ५ क्रमांकाच्या ओळीत बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ क्रमांकाच्या ओळीत वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर, १९८ क्रमांकाच्या ओळीत तपासणीतही न सुधारलेले. नव्या डिस्कवर हे तिन्ही आकडे शून्य असतात. इथे १९७ चा आकडा शून्याच्या बराच वर होता आणि थोड्या वेळाने परत बघितलं तर वाढलेला होता. डिस्क मरणपंथाला लागली होती.

अशा वेळी चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्कदुरुस्तीचं हत्यार, चालवायचा मोह होतो. विंडोजही तेच सुचवतं. मी हात जोडून सांगते, मरत्या डिस्कवर चेकडिस्क चालवू नका. ते फाइलींची रचना सरळ करायला बघतं, म्हणजे लिहितं, आणि ज्या जागा वाचता येत नाहीत त्यांच्यावर पुन्हा पुन्हा आदळतं. आधी प्रत. मग जे करायचं ते प्रतीवर.

प्रतीसाठी नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) मागवली. मूळ डिस्क ५०० जीबीची होती. बाजारात ४८० जीबीची एसएसडी सहज मिळते, पण डिस्कची सेक्टरला सेक्टर प्रत घ्यायची तर नवी जागा जुनीपेक्षा एका सेक्टरनेही कमी चालत नाही, म्हणून ५१२ ची सांगितली. क्लोनझिला धडधाकट डिस्कसाठी उत्तम आहे. आजारी डिस्कसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू या प्रत घेणाऱ्या हत्याराला तोड नाही. खराब जागा आली की ते तिथे घुटमळत नाही, पुढे निघून जातं, आधी सहज मिळेल ते सगळं गोळा करतं आणि मग उरलेल्या तुकड्यांकडे वळतं. आंब्याच्या बागेत आधी हाताला येणारे आंबे उतरवून शेंड्यावरच्यांसाठी नंतर झेला लावावा, तसं ते काम चालतं.

कुठपर्यंत वाचून झालं याची नोंद डीडीरेस्क्यू एका मॅपफाइलमध्ये ठेवतं. ही फाइल मी वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली. पेनड्राइव्हवरून सुरू केलेली लाइव्ह यंत्रणा रॅममध्ये चालते, तिथे ठेवलेलं बंद होताच नाहीसं होतं. ही काळजी कामाला आली. दुपारी लाइट गेली, यूपीएसनेही थोड्या वेळाने दम तोडला. परत आल्यावर तीच आज्ञा, तीच मॅपफाइल दिली आणि काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. आज्ञा देताना कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी हे आकार आणि अनुक्रमांक दोन्ही बघून ठरवलं आणि कागदावर लिहून मामांना मोठ्याने वाचायला लावलं. क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि मग कुठलंही हत्यार उपयोगाचं नाही.

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळं आलं. उरलेल्या तुकड्यांसाठी आणखी फेऱ्या दिल्या, त्यातूनही थोडं हाती लागलं. मग मूळ डिस्क काढली, तिच्यावर तारीख लिहिली आणि ती कपाटात ठेवली. चेकडिस्क चालवलं ते नव्या एसएसडीवर.

फॉरमॅटच्या सल्ल्याचा मला राग का येतो, ते इथे सांगते. मामांची कामं पेजमेकर आणि कोरलड्रॉमध्ये आहेत. पेजमेकर ७ हे २००१ चं सॉफ्टवेअर, आणि आपल्याकडच्या कितीतरी डीटीपी दुकानांचं पोट अजून त्यावर चालतं. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. ‘श्री गणेशाय नमः’ टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. दुरुस्तीवाला ‘डेटाचा बॅकअप घेतलाय’ म्हणतो तेव्हा त्याने डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स घेतलेलं असतं. विंडोजच्या फोल्डरमधले फॉन्ट कुणी घेत नाही. फाइल आहेत, पण वाचता येत नाहीत, अशी अवस्था झालेली दुकानं मी बघितली आहेत. त्यामुळे प्रत घेऊन झाल्यावर डेस्कटॉपवाल्या लिनक्समधून फॉन्टचं अख्खं फोल्डर आणि सगळ्या पत्रिकांच्या फाइल एका बाहेरच्या डिस्कवर वेगळ्या काढल्या. पूर्ण डिस्कची प्रत घेतल्याने पेजमेकर, फॉन्ट, प्रिंटरच्या सेटिंग सगळं जागच्या जागी राहिलं. एसएसडीवरून विंडोज सुरू झालं आणि मामांनी पहिली अर्धवट राहिलेली पत्रिका उघडली. नवरीच्या आजोळचं नाव घालायचं राहिलं होतं, ते त्यांनी लगेच घातलं.

विंडोजचा प्रश्न मात्र राहतोच. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट देणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मामांच्या मशीनमधला इंटेलचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, आणि विंडोज ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आडवाटेने ११ चढवता येतं, पण ज्या मशीनवर रोजची कमाई आहे तिथे मला तो प्रयोग नको होता. आम्ही त्या मशीनची नेटची केबल काढली. व्हॉट्सअॅपवर येणारा मजकूर मामेभावाच्या लॅपटॉपवर घ्यायचा, तिथे तपासायचा, आणि मगच पेनड्राइव्हने इकडे आणायचा.

तो लॅपटॉपही मी जाता जाता बघितला, आणि तिथे वेगळा धडा होता. नवा असल्याने सिक्युअर बूट (अनोळखी यंत्रणेला सुरू होऊ न देणारी सोय) चालू होतं, त्यामुळे व्हेंटॉयला सरळ प्रवेश मिळाला नाही. व्हेंटॉयची किल्ली मशीनमध्ये नोंदवायची सोय असते, पण ती नोंद मशीनमध्ये कायम राहते. दुसऱ्याच्या मशीनमध्ये मी ते करत नाही. तेवढ्यापुरतं सिक्युअर बूट बंद करते आणि विंडोजमध्ये परतण्याआधी चालू करते. पण बंद करण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) आहे का हे बघायलाच हवं. अनेक नव्या लॅपटॉपवर ते मालकाला न कळता चालू असतं, आणि बायोसमध्ये बदल झाला की ४८ अंकी किल्ली मागतं. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मामेभावाला आधी खात्यात शिरायला लावलं, किल्ली कागदावर उतरवून घेतली, मग पुढचं. आणखी एक: विंडोज ‘शट डाउन’ केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपलेलं असतं, मग लिनक्समधून त्या डिस्कवर लिहू नये. ‘रीस्टार्ट’ करून बूट मेनूत गेलं की हा प्रश्न येत नाही.

निघताना मामांसाठी दुसरा पेनड्राइव्ह बनवून दिला. त्यावर मेमटेस्ट, सिस्टिमरेस्क्यू आणि डेस्कटॉपवालं लिनक्स एवढंच आहे. विंडोजची आयएसओ मुद्दाम ठेवली नाही, म्हणजे मी नसताना कुणी घाईत फॉरमॅट मारणार नाही. सोबत एका कार्डावर त्यांच्या दोन्ही मशीनच्या बूट मेनूची कळ, डिस्कचे अनुक्रमांक आणि स्मार्टच्या त्या तीन ओळी लिहून दिल्या. आता दर अमावास्येला दुकान बंद असतं तेव्हा मामा पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करतात आणि नव्या एसएसडीच्या तक्त्याचा फोटो मला पाठवतात. एसएसडीच्या तक्त्यात ओळींची नावं थोडी वेगळी असतात, त्यातली कुठली बघायची ती मी त्यांना लाल पेनाने खूण करून दिली आहे.