नववा प्रयत्न, तोच दगड

रविवारी चढावर सायकलवरून पुन्हा पाय टेकला. नववी वेळ. वळणावरच्या कठड्याचा तो निखळलेला दगड आठवतोय ना? त्याच्याच शेजारी. गेल्या वेळेपेक्षा फार तर चार पावलं पुढे, आणि ती चार पावलंसुद्धा पडता पडता सावरताना मिळाली असावीत.

नव्यांसाठी थोडक्यात: सायकलवरून न थांबता पार करायचा तो चढ २.३ किलोमीटरचा. पहिले ६०० मीटर ४ टक्के (म्हणजे १०० मीटरला ४ मीटर उंची), मग १३०० मीटर ६ टक्के, मग २०० मीटरचं ते ११ टक्क्यांचं वळण आणि शेवटचे २०० मीटर ५ टक्के. ते शेवटचे २०० मीटर मी बरेचदा पायीच पाहिलेत.

चिडचिड यासाठी की बाकी सगळं सुधारतंय. आठ आठवडे आठवड्याला तीन राईड: एक लांब आणि इतकी सावकाश की सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावं, एक चढाच्या फेऱ्यांची, एक नुसती पाय मोकळे करायची. सकाळी उठल्यावरचा हार्ट रेट ७४ वरून ६६ वर आलाय. चढावर एका हाताने बाटली काढून, पाणी पिऊन, ती न बघता परत जागेवर ठेवता येते. (हे जमलं त्या दिवशी मी विनाकारण तीनदा पाणी प्यायले.) वळण मात्र ढिम्म.

म्हणून ही नोंद खरं तर खरेदीची घोषणा म्हणून लिहायला बसले होते. ११-२८ कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा, म्हणजे कॉगचा संच; आकडे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या कॉगच्या दातांचे) काढायची, ११-३४ लावायची, कारण मागचा कॉग जितका मोठा तितकं पेडल हलकं. सोपं वाटतं, पण पुढे पेडलपाशी ५० आणि ३४ दातांच्या चेनरिंग असल्यामुळे, चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या डिरेलरला (५० - ३४) + (३४ - ११) = ३९ दातांचा फरक सांभाळावा लागणार. माझा आखूड पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग) डिरेलर तेवढं पेलणार नाही. म्हणजे लांब पिंजऱ्याचा डिरेलर आला, तो आला की चेनही लांब हवी. एका कॉगपायी अर्धी सायकल बदलायची, तर निदान त्याचं समर्थन आकड्यांनी करावं म्हणून रविवारच्या राईडचा डेटा उघडला.

आणि तिथे गाडी अडली.

वळणावर माझा वेग ताशी ६.५ किमी, म्हणजे मिनिटाला १०८ मीटर. केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलच्या फेऱ्या, ३६. भागाकार केला तर पेडलच्या एका फेरीत सायकल ३ मीटर पुढे जातेय. आता माझ्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ३४-२८ या गियरमध्ये (पुढे ३४, मागे २८ दात) एका फेरीत २.५५ मीटर जायला हवं. ३ मीटर कुठून आले? पहिल्यांदा वाटलं जीपीएसची थाप, इतक्या कमी वेगाला ते भरकटतंच. पण वेग चाकावरच्या सेन्सरचा होता. मग उलट बाजूने गेले. एका फेरीत ३ मीटर कोणत्या गियरला मिळतात? ३४ ला २४ ने भागा, २.१ ने गुणा: २.९८.

म्हणजे मी २४ च्या कॉगवर चढत होते. कदाचित पहिल्या दिवसापासून.

लिहिणं तिथेच टाकून उठले, मागचं चाक उचललं, पेडल फिरवत गियर-लिव्हर दाबत गेले. शेवटची क्लिक नीट ऐकू येते, बोटाला जाणवते, चेन मात्र २४ वरून हलत नाही. टॉर्च मारून कॅसेट पाहिली. २४ च्या दातांवर काळा थर, २८ चे दात कोरे करकरीत. आठ आठवडे! वळणावर मी ती क्लिक दर वेळी दाबत होते, काही जड-हलकं झाल्याचं जाणवत नव्हतं, आणि मी समजायचे की पाय इतके संपलेत की फरकच कळेनासा झालाय.

२४ वरून २८ वर गेलं तर त्याच वेगाला पेडलवरचा जोर सुमारे १४ टक्के कमी लागतो आणि केडन्स ३६ वरून ४२ वर येतो. ४२ सुद्धा काही डौलदार नाही, पण ३६ ला प्रत्येक फेरीत वरच्या बिंदूपाशी सायकल थांबतेय की काय असं वाटतं, ते तरी टळतं.

आता दुरुस्ती. आधी संशय केबलवर, कारण नवी केबल बसते तशी सैल पडते आणि मोठ्या कॉगवर जायला तर केबलचीच ओढ लागते. बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करायची फिरकी) अर्धा फेरा, एक फेरा, दीड. मधले गियर बिघडले, २८ आलाच नाही. मग बॅरल जागेवर आणला, फ्रेमच्या खालच्या नळीवरची उघडी केबल बोटाने ताणली आणि पेडल फिरवलं. डिरेलर ठरावीक जागी येऊन टक्कन थांबतो. ओढ पुरेशी होती, वाटच बंद होती. एल स्क्रू, म्हणजे डिरेलर स्पोककडे किती आत जाऊ शकतो ते ठरवणारा स्क्रू, कुणीतरी पुरता आत पिळून ठेवलाय.

कुणी ते आठवायला वेळ लागला नाही. सायकल घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती उजव्या अंगावर पडली होती, त्यानंतर सर्व्हिसिंग झालं, आणि देताना सांगितलं गेलं, "चेन स्पोकमध्ये जात होती, बंद केलं." बंद केलं हे अक्षरशः खरं होतं. चेन स्पोककडे का जातेय हे न बघता स्क्रू आत पिळणं म्हणजे दार लागत नाही म्हणून खिळा ठोकणं. पण मीही तेव्हा मान डोलावून सायकल घेऊन आले होते.

इथे मला स्क्रू सोडायचा मोह झाला आणि अगदी थोडक्यात वाचले. मूळ कारण हँगर (फ्रेमला जोडलेला तो छोटा तुकडा, ज्यावर डिरेलर बसतो) वाकलेला असेल तर एल स्क्रू सोडताच डिरेलर थेट स्पोकमध्ये, आणि तेही चढावर, सगळा जोर लावलेला असताना. आधी हँगर तपासायला हवा. त्याचं मापक माझ्याकडे नाही, पण जुनी युक्ती आहे: डिरेलर काढायचा आणि त्या आट्यात दुसऱ्या मागच्या चाकाचा एक्सल पिळायचा. हँगरचे आटे आणि साध्या मागच्या एक्सलचे आटे दोन्ही १० मिलिमीटर बाय १ (व्यास १०, आट्या-आट्यांत १ मिलिमीटर). दोन चाकं शेजारी शेजारी उभी राहतात आणि दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजायचं. माझ्याकडे पुढे-मागे ठीक होतं, खाली मात्र वरच्यापेक्षा ९ मिलिमीटर कमी. हँगर आत वाकलाय. पडल्यावर वाकतो तसाच.

(इथून पुढचं शनिवारी लिहितेय.)

हँगर मागवला. आला तो चुकीचा. चित्रात हुबेहूब, हातात घेतला तर दोन भोकांमधलं अंतर वेगळं. विकणाऱ्याच्या यादीत सायकलचं मॉडेल बरोबर लिहिलेलं होतं, त्यामुळे आता त्या यादीवर माझा काडीचा विश्वास नाही. जुना काढा, कागदावर ठेवा, पेन्सिल फिरवा, भोकांमधलं अंतर मोजा आणि ते जुळवून मागवा. आणि मागवताना दोन मागवा. दुसरा अवजारांच्या पिशवीत कायम.

तोवर वाकलेलाच त्या चाकाला धरून अगदी हळू सरळ केला. अ‍ॅल्युमिनियम एकदा ऐकतं, वारंवार छळलं तर तुटतं. फरक ९ वरून ३ मिलिमीटरवर आल्यावर हात काढून घेतला. मग एल स्क्रू पाव पाव फेरा सोडत गेले, आणि तिसऱ्या पाव फेऱ्याला चेन खळ्ळकन २८ वर चढली. तो आवाज मी पाच-सहा वेळा मुद्दाम ऐकला. डिरेलरचा पिंजरा आणि स्पोक यांच्यात फट आहे, चेन पलीकडे ढकलायचा प्रयत्न केला तरी जात नाही.

आकडे उघडलेलेच होते, म्हणून आणखी एक गोष्ट बघितली, आणि ती जास्त झोंबली. मी, सायकल, पाणी, पिशवी मिळून ९४ किलो. वळणावर ६.५ च्या वेगाला अंदाजे १९० वॉट लागतात. आणि पहिल्या ६०० मीटरला, जिथे "अजून तर सोपंय" म्हणून मी ताशी १७ ने जाते, तिथे? सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे चढाच्या सगळ्यात कठीण तुकड्यासाठीची ताकद मी सगळ्यात सोप्या तुकड्यावर आधीच खर्च करून येत होते. तिथे ताशी १२ ठेवला तर काम १५० वॉटमध्ये भागतं आणि वेळ जातो जेमतेम ५३ सेकंद जास्त. पॉवर मीटर (पेडलवर किती वॉट लागतात ते मोजणारं यंत्र) घ्या म्हणणाऱ्यांनो, वजन, उतार आणि वेग माहीत असला तर हा हिशोब पाठकोऱ्या कागदावर होतो.

आज सकाळी गेले. खाली १२, हार्ट रेट १५० च्या आत, मागून आलेले दोघे पुढे गेले तरी जाऊ दिले (हे सगळ्यात अवघड होतं). वळणाआधीच २८ वर टाकला, जोर लावून बदलायची वेळ येऊ दिली नाही. वळण बाहेरच्या बाजूने घेतलं, कारण आतली कड दिसायला जवळची असली तरी चढ तिथे जास्त उभा असतो. मागून गाडी नाही हे आधी बघून घेतलं. केडन्स ४३. दगड आला, दगड गेला. तो मागे पडताना कसा दिसतो हे मला माहीतच नव्हतं.

वळण संपलं, ५ टक्के लागले, मला ते सपाट वाटलं. आनंदाच्या भरात उभी राहिले, दोन गियर जड टाकले, पाच-सहा वेळा दणकून पेडल मारलं आणि मांड्यांनी जागीच संप पुकारला. माथ्यापासून ६० मीटरवर पाय टेकला.

कॅसेटची खरेदी रद्द. निदान या चढापुरती. योग्य मापाचे दोन हँगर गुरुवारपर्यंत येतील, ते बसेपर्यंत एल स्क्रूला हात लावणार नाही. पुढचा प्रयत्न पुढच्या रविवारी, आणि हँडलवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलंय: माथा दिसला तरी बसून राहा.