नागपूरचा कूलर फोंड्यात

गोव्यात फोंड्याच्या एका शाळेत मी 28 वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले तरी मे महिना लागला की एक प्रश्न चुकत नाही. परवा मासळीबाजारात एका जुन्या विद्यार्थ्याने हातातली पिशवी खाली ठेवून विचारलं, "बाई, नागपुरात 44 अंश, तरी अंग कोरडं. इथे 33ला नुसतं बसलं तरी सदरा पिळावा लागतो. आमच्यातच काही बिघाड आहे का?"

बिघाड नाही. आणि नागपुरात घाम येत नाही, हेही खरं नाही. तिथे भरपूर येतो. पण कोरड्या हवेत येताक्षणी उडून जातो, म्हणून दिसत नाही. आपल्याकडची हवा समुद्रावरून ओल घेऊन आलेली. आणखी ओल घ्यायला तिच्यात जागाच कमी.

घाम आल्याने अंग थंड होत नाही, तो वाळल्याने होतं. लिटरभर पाण्याला 30 अंशांवरून उकळी आणायला 70 किलोकॅलरी उष्णता पुरते. तेवढाच घाम अंगावर वाळायला साधारण 580 लागतात, आणि त्या बहुतेक तुमच्या कातडीतून घेतल्या जातात. (चरबीतून नव्हे. घाम गाळून वजन उतरलं म्हणणाऱ्यांनी दोन तांबे पाणी प्यावं आणि पुन्हा काट्यावर उभं राहावं.) नाकावरून टपकलेला थेंब मात्र फुकट गेला. मेंदूतला हायपोथॅलॅमस बघतो की अंग अजून तापलेलंच आहे, म्हणून तो अंगभर पसरलेल्या वीस ते चाळीस लाख घामग्रंथींना आणखी कामाला लावतो.

वर्गात मी माठाचं उदाहरण द्यायचे. मुलं म्हणायची, "बाई, आमच्या माठातलं पाणी कुठे थंड होतं?" बरोबरच होतं त्यांचं! माठ काय, कूलर काय, दोन्ही वाळण्यावरच चालतात. आमचे जावई नागपूरचे. पहिल्या उन्हाळ्यात सासूच्या काळजीने त्यांनी टेंपोतून कूलर आणला. रात्रभर खोलीत तो ओली हवा फेकत राहिला, सकाळी उशीसुद्धा दमट. आता माडीवर त्यात नारळ ठेवतो.

साधा पंखा बरा. तो हवा थंड करत नाही, अंगाला चिकटून बसलेली ओली हवा हलवतो, एवढंच.

नवख्या माणसाला इथे पहिले काही दिवस नकोसं होतं. आठवडा-दोन आठवड्यांत शरीर शिकतं: घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तरी पाण्याबरोबर मीठ जातंच. आमच्या आजीला सोडियम हा शब्द ठाऊक नव्हता, पण दहा वाजता शेतातून आलेल्या माणसापुढे पेज आणि मिठातलं तोर, म्हणजे कैरी, ठेवायला ती विसरली नाही. रक्तदाबाच्या मंडळींनी मात्र मिठाचं डॉक्टरांनाच विचारावं, आजीला नव्हे.

घामातून विष निघतं का, हेही विचारतात. घाम म्हणजे जवळपास सगळं पाणीच. सफाईचं काम यकृत आणि मूत्रपिंडांचं. आणि जत्रेतल्या नाटकात रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी तळहात भिजतात, त्याचा उकाड्याशी संबंध नाही, ती भीती.

दोन घाम मात्र वेगळे. छातीत दुखत असताना गार घाम सुटला तर 108ला फोन करा, ॲसिडिटीची गोळी शोधत बसू नका. आणि उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजतंय, तर घाम असो वा नसो, त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि 108. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कोकम सरबत तर नाहीच.